उन्हाने करपलेली कातडी आणि तिच्यावरील मलम

निपाणीकडील तंबाखूच्या रानात किंवा संकेश्वराकडील उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या कातडीविषयी बोलताना दोन शब्द वापरले जातात. ती रापली असे म्हणतात आणि ती करपली असेही म्हणतात. बोलण्याच्या ओघात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येत असले, तरी वैद्यकाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. रापणे ही कातडीने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली तजवीज होय. करपणे म्हणजे ती तजवीज अपुरी पडल्याची खूण होय. उन्हाने वर्षानुवर्षे करपलेल्या कातडीवर कधी कधी असे चट्टे उठतात, की जे अद्याप कर्करोग नसतात. परंतु दुर्लक्ष झाले तर त्यांतील एखाद्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. हे चट्टे शस्त्रक्रियेवाचून, केवळ मलम लावून नाहीसे करण्याचा उपाय साठ वर्षांहून अधिक काळ वैद्यकाला ठाऊक आहे. तो उपाय कोणता, तो कसा चालतो आणि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात त्याची गरज कोणाला पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम आपल्या उन्हाचा विचार करू. बेळगाव हे थंड हवेचे गाव म्हणून ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर ते वसले असल्यामुळे तेथील ऊन सौम्य आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण उन्हाची उष्णता आणि उन्हातील अतिनील किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या क्रमिक पुस्तकांत ज्यांना जंबुपार किरण म्हणत, तेच हे किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरम लागत नाहीत. सूर्य जितका डोक्यावर आणि गाव जितके उंचावर, तितके ते तीव्र होतात. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेथे सूर्य भर मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हीच गोष्ट पुन्हा घडते. परंतु तेव्हा आभाळ भरलेले असल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात येत नाही. विरळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. म्हणून हवा गार आहे, एवढ्यावरून कातडी सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

हे किरण कातडीच्या वरच्या थरातील पेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचतात आणि तेथील डीएनए या आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात आणि त्यामुळे पेशीच्या लिखाणात चूक होते. पेशीजवळ अशा चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था असते आणि बहुतेक चुका ती दुरुस्त करतेही. परंतु वीस-तीस वर्षे रोज तीच झीज होत राहिली, तर काही चुका तशाच राहून जातात. पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या भागात अशी चूक राहिली, म्हणजे ती पेशी बेशिस्तपणे वाढू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हेच कातडीवर एका खरखरीत चट्ट्याच्या रूपाने दिसते.

या आघातापासून आपले रक्षण करणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन हा कातडीतील काळा रंजक होय. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या कातडीत हे रंजक तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. सावळ्या कातडीत मात्र रंजकाचे कण मोठे असतात, अधिक असतात आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरून राहतात. या छत्रीमुळेच आपल्याकडील शेतकरी आयुष्यभर उन्हात राबूनही सहसा या चट्ट्यांपासून दूर राहतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या गोऱ्या लोकांत हे चट्टे चाळिशीनंतर अगदी नित्याचे आहेत, कारण तेथे प्रखर ऊन आणि फिकट कातडी यांची गाठ पडली आहे. डॉक्टर लोक या चट्ट्याला ॲक्टिनिक केराटोसिस असे म्हणतात.

हा चट्टा दिसण्यापेक्षा बोटाला आधी जाणवतो. चेहरा, कान, टक्कल पडलेले डोके, मानेची मागील बाजू आणि हातांच्या वरच्या बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. प्रथम बारीक वाळूच्या कागदासारखा खरखरीतपणा लागतो. मग लालसर किंवा पिवळसर खपली धरते, ती पडते आणि पुन्हा धरते. सगळेच चट्टे वाईट वळण घेतात असे नाही. काही आपोआप नाहीसे होतात. एका चट्ट्याचा एका वर्षात कर्करोग होण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते. परंतु ज्याच्या अंगावर असे वीस-पंचवीस चट्टे आहेत आणि ज्याला आणखी पुष्कळ वर्षे जगावयाचे आहे, त्याच्या बाबतीत या लहान लहान शक्यतांची बेरीज होत जाते. कोणता चट्टा बिघडणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून उपचार सर्वांवर करावयाचा असतो.

आता सीमाभागातील कोणाला याची काळजी घ्यावयास हवी? सर्वांत आधी नाव घ्यावे लागेल, ते जन्मतःच रंजकहीन असलेल्या मुलामाणसांचे. अशा मुलाचे केस, भुवया आणि पापण्या पांढऱ्या किंवा फिकट सोनेरी असतात, कातडी गुलाबी असते, उजेडात डोळे मिटतात आणि बुबुळे सारखी हलत राहतात. वैद्यकात या स्थितीला आल्बिनिझम म्हणतात. हा संसर्गाने होणारा रोग नव्हे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आला, तरच मूल असे जन्मते. आईवडील दोघेही स्वतः सावळे असून तो जनुक बाळगणारे असू शकतात आणि तसे असल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्यामागे ही शक्यता चारांत एक इतकी असते. नात्यातल्या नात्यात लग्न झाले, म्हणजे दोघांकडे तोच जनुक असण्याचा संभव वाढतो. मामेबहिणीशी विवाह करण्याची चाल या भागातील मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांत आहे आणि कर्नाटकात मामा-भाचीचेही विवाह होत आले आहेत. आईने ग्रहण पाळले नाही किंवा कोणाची दृष्ट लागली, असल्या समजुतींना काडीचाही आधार नाही आणि त्यासाठी सुनेला बोल लावणे हा अन्याय होय.

या मुलांच्या कातडीवरील छत्री मुळातच नसते. त्यामुळे गोऱ्या माणसाला पन्नाशीत जे चट्टे येतात, ते यांना विशी-पंचविशीत, कधी त्याहूनही आधी येऊ लागतात. आफ्रिकेतील टांझानियासारख्या देशांत अशी पुष्कळ माणसे कातडीच्या कर्करोगाने तरुणपणीच दगावत आली आहेत. त्या देशातील मोशी या गावी प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात केवळ या लोकांसाठी उन्हापासून रक्षण करणारे मलम तयार करून वाटण्याचे काम चालते, यावरून प्रश्न किती गंभीर आहे हे कळून येईल. आपल्याकडे ही माणसे विखुरलेली असल्यामुळे त्यांचा प्रश्न कोणाच्या नजरेस येत नाही. गरीब घरातील असा मुलगा शाळा सुटल्यावर शेतमजुरीला लागतो आणि ज्या उन्हापासून त्याला जपावयाचे, त्याच उन्हात त्याचे तारुण्य जाते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. कोड आणि जन्मजात रंजकहीनता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोडात चांगल्या कातडीवर मागाहून पांढरे डाग पडतात. त्या डागांवर ऊन भाजते, म्हणून ते झाकावेत हे खरे. पण कोडाच्या माणसाला कर्करोगाची भीती तितकी नसते. त्याला विनाकारण धास्ती घालू नये.

दुसरी जागा म्हणजे खालचा ओठ. सावळ्या माणसाच्याही ओठावर रंजकाचे आवरण पातळ असते आणि खालचा ओठ उन्हाकडे तोंड करून असतो. उन्हात काम करणाऱ्याच्या या ओठाची कडा हळूहळू पुसट होते, ओठ कोरडा पडून त्यावर पांढुरकी साल धरते, भेगा पडतात आणि त्या थंडी संपली तरी भरत नाहीत. त्यात बिडी किंवा दाढेखालची तंबाखू यांची भर पडली, म्हणजे धोका अधिक वाढतो. ज्या मुलुखात तंबाखू पिकते, वळली जाते आणि खाल्लीही जाते, तेथे ओठावरची न भरणारी भेग ही क्षुल्लक गोष्ट समजून चालणार नाही. तोंडाच्या आतील पांढरा चट्टा हाही कर्करोगापूर्वीचा असू शकतो. परंतु त्याला ऊन कारण नसून तंबाखू कारण असते. प्रस्तुत मलम त्यावर लावावयाचे नसते, आणि तंबाखू सोडणे हा त्याचा पहिला उपचार होय.

तिसरा वर्ग उन्हाशी संबंध नसलेला आहे, पण त्याचा उल्लेख केल्यावाचून चित्र पुरे होत नाही. आपल्या लोकांत कातडीचा कर्करोग पुष्कळदा जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमेवर होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एका निबंधात कमरेवरील कर्करोगाचे वर्णन केले होते. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने जो घट्टा पडतो, त्यावर तो उद्भवत असे, म्हणून त्याला धोतराचा कर्करोग असे नाव पडले. साडीखालच्या परकराच्या नाडीनेही हे घडू शकते. अशा घट्ट्यावर किंवा जुन्या व्रणावर नवी गाठ आली अथवा खपली वारंवार सुटू लागली, तर मलमाच्या नादी न लागता सरळ रुग्णालय गाठावे.

आता मलमाकडे वळू. त्यातील औषधाचे नाव फ्लुओरोयुरॅसिल. त्याचा जन्म १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या प्रयोगशाळेत झाला. कर्करोगाच्या पेशी युरॅसिल नावाचे द्रव्य निरोगी पेशींपेक्षा अधिक प्रमाणात ओढून घेतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले होते. तेव्हा याच द्रव्याच्या रेणूतील हायड्रोजनचा एक अणू काढून त्या जागी फ्लुओरिनचा अणू बसवला, तर भुकेली पेशी फसून ते विष ग्रहण करील, असा त्यांनी तर्क केला आणि तो खरा ठरला. हे औषध आजही आतड्याच्या कर्करोगात शिरेतून दिले जाते.

कातडीवरचा त्याचा गुण मात्र योगायोगाने कळला. दक्षिण आफ्रिकेत अंतर्गत कर्करोगाच्या रुग्णांना हे औषध शिरेतून देत असता, त्यांच्या चेहऱ्यावरील उन्हाचे जुने चट्टे अकस्मात लाल होऊन पेटले आणि नंतर नाहीसे झाले. शेजारची चांगली कातडी जशीच्या तशी राहिली. फाल्कसन आणि शुल्झ या डॉक्टरांनी १९६२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेतील बफेलो येथे एडमंड क्लाइन यांनी औषध पोटात न देता मलमाच्या रूपाने कातडीवरच लावून पाहिले. १९७० मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने या मलमाला मान्यता दिली आणि १९७२ मध्ये क्लाइन यांना लास्कर पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही या मलमाचा समावेश आहे.

ते काम कसे करते, हे वडगाव-शहापूरच्या विणकरांना चटकन उमगेल. पेशीला दुभंगून दोन व्हावयाचे असले, म्हणजे प्रथम डीएनएचे नवे कापड विणावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या सुतांपैकी एक सूत युरॅसिलापासून बनते. युरॅसिलाच्या ज्या जागी नवा धागा जोडावयाचा, नेमक्या त्याच जागी या औषधात फ्लुओरिन ठाण मांडून बसलेला असतो. धोट्यात अशी कांडी घातली की जिचे सूत सुटतच नाही, तर माग जागच्या जागी थांबतो. तसेच येथे होते. जी पेशी घाईघाईने विणकाम करीत असते, तिचा माग आधी बंद पडतो आणि ती मरते. शेजारची निरोगी पेशी सावकाश काम करीत असल्यामुळे तिला फारसा उपद्रव होत नाही. म्हणूनच हे मलम साऱ्या कपाळावर लावले, तरी ते रोगट जागा आपणहून शोधून काढते. डोळ्यांना अद्याप न दिसलेले चट्टेही त्यामुळे उघडे पडतात.

या मलमाविषयी जी एक गोष्ट रुग्णाला आधी सांगितलीच पाहिजे, ती अशी की, ते लावू लागल्यावर कातडी सुधारण्यापूर्वी बिघडलेली दिसते. साधारणतः पाच टक्क्यांचे मलम दिवसातून दोन वेळा, दोन ते चार आठवडे लावावयाचे असते. पहिले चार-पाच दिवस काहीच घडत नाही. आठवडा संपता संपता लाली येते आणि आग होऊ लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खपल्या धरतात, कातडी सोलवटते आणि कोठे कोठे ओली जखमही होते. पाहणाऱ्यांना वाटते की औषध बाधले. रुग्ण घाबरून मलम टाकून देतो, शेजारीपाजारी दुसऱ्या डॉक्टरचे नाव सुचवतात आणि अर्धवट उपचार वाया जातो. वास्तविक ही आग म्हणजे औषध लागू पडल्याची खूण असते. मलम बंद केल्यावर काही आठवड्यांत, बहुधा महिन्याभरात, खाली नवी आणि मऊ कातडी येते. अर्थात वेदना असह्य झाल्या, ताप आला, पू झाला किंवा तोंड येऊन जुलाब लागले, तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. किती आग नेहमीची आणि किती जास्त, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवणे शहाणपणाचे होय.

इतक्या त्रासाचे फळ काय, असा प्रश्न कोणी विचारील. नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर चार उपचारांची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर एक वर्षाने फ्लुओरोयुरॅसिलचे यश सुमारे ७५ टक्के रुग्णांत टिकून होते. इमिक्विमॉड या मलमाचे सुमारे ५४ टक्क्यांत, प्रकाशोपचाराचे सुमारे ३८ टक्क्यांत आणि इंजेनॉल या मलमाचे सुमारे २९ टक्क्यांत टिकले. त्यांपैकी इंजेनॉल तर कातडीच्या कर्करोगाच्याच शंकेमुळे २०२० मध्ये युरोपातून मागे घेतले गेले. अमेरिकेतील ९३२ माजी सैनिकांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीचा अहवाल २०१८ मध्ये आला. चेहरा आणि कान यांवर हे मलम एकदाच, चार आठवड्यांपर्यंत लावलेल्यांत, शस्त्रक्रिया करावी लागेल अशा एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण पहिल्या वर्षात ७५ टक्क्यांनी घटले. पुढील वर्षांत तो लाभ टिकला नाही. या दोन्ही चाचण्या मुख्यतः गोऱ्या लोकांवरच्या आहेत. त्यांवरून एवढे निश्चित ध्यानात घ्यावे, की जुने आणि साधे मलम नव्यांच्या तोडीस तोड आहे. मात्र एकदा लावून कायमची सुटका होत नाही आणि कातडी पुन्हा पुन्हा तपासून घ्यावी लागते.

हे विष आहे याचा विसर पडू देऊ नये. गरोदर स्त्रीने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते लावू नये. डोळे, नाकपुड्या आणि तोंडाच्या आतील भाग यांपासून ते दूर ठेवावे. बोटाने लावल्यास हात साबणाने स्वच्छ धुवावेत. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडून टाकणारे विकर जन्मतःच नसते किंवा अपुरे असते. त्यांना ते घातक ठरू शकते, म्हणून पूर्वी या औषधाने घरात कोणाला मोठा त्रास झाला असल्यास तसे सांगावे. उपचार चालू असता उन्हात जाणे टाळावे. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस, शेतीची कामे कमी असताना हा उपचार घेणे बहुधा सोयीचे पडते. मलमाची नळी कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू देऊ नये. थोडेसे मलम चाटल्यानेही त्यांचा जीव जाऊ शकतो. आणखी असे की, कडक झालेली गाठ, रक्त येणारा व्रण किंवा झपाट्याने वाढणारा चट्टा यांवर हे मलम आपल्या मनाने लावू नये. तेथे आधी लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. वरची कातडी बरी दिसली आणि खाली कर्करोग वाढत राहिला, तर ते अधिक वाईट.

मलम हा शब्द फार सैल आहे आणि त्यातून मोठे नुकसान होते. खाज, नायटा, डाग असे काहीही सांगितले की औषधाच्या दुकानातून पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले मलम हाती पडते. त्याने लाली तात्काळ दबते, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण ते कातडी पातळ करते आणि रोगट चट्टा झाकून ठेवते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही जुनी सवय सुटलेली नाही. दुसरीकडे चामखीळ किंवा खरखरीत चट्टा जाळण्यासाठी बिब्बा अथवा चुना लावण्याची रीत आहे. बिब्बाही जाळतो आणि फ्लुओरोयुरॅसिलही जाळते, मग फरक काय, असे कोणाला वाटेल. फरक हा की, बिब्ब्याला निवड करता येत नाही. तो चांगली आणि वाईट कातडी सारखीच भाजतो, मागे व्रण ठेवतो आणि जुना व्रण हीच पुढे कर्करोगाची जागा होऊ शकते.

तपासणीसाठी फार लांब जावे लागते असे नाही. बेळगावचे जिल्हा रुग्णालय, केएलई संस्थेचे रुग्णालय आणि १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि चिकोडी या तालुक्यांना आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि मिरजेची रुग्णालयेही सोयीची पडतात. सीमाभागातील रुग्णाची आणखी एक अडचण असते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातील पाटी कन्नडमध्ये आणि घरातील म्हातारीची भाषा मराठी, किंवा याच्या नेमके उलट. म्हणून बरोबर जाणाऱ्याने तीन गोष्टी डॉक्टरांना विचारून त्या म्हातारीला कळेल अशा भाषेत कागदावर लिहून घ्याव्यात: मलम कोणत्या जागी आणि किती दिवस लावावयाचे, आग होऊ लागल्यावर काय करावयाचे आणि पुन्हा कधी दाखवावयाचे. एवढा कागद जवळ असला, तर दहाव्या दिवशी मलम फेकून देण्याची पाळी येत नाही.

उपचारापेक्षा बचाव स्वस्त पडतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८१ साली अंगात सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम निघाली आणि ती घरोघरी पोहोचली. आपल्या शेतकऱ्याच्या पोशाखात ही सोय पूर्वीपासून आहे. पटका किंवा मुंडासे कान आणि मान झाकते. गांधी टोपीला कड नसल्यामुळे ती डोके झाकते, पण चेहरा व कान उघडे टाकते. पदराची सावली कपाळावर पडते, ओठावर पडत नाही. रंजकहीन माणसाला रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचा जाड विणीचा सदरा, काळा चष्मा आणि उघड्या अंगावर रक्षक मलम यांची जन्मभर गरज असते. रक्षक मलमाच्या वेष्टनावर एसपीएफ ३० किंवा त्याहून मोठा आकडा असावा आणि उन्हात असता ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ज्याच्याजवळ घड्याळ नाही, त्याने आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीहून आखूड असेल, तोवर ऊन टाळावे.

या कामी शाळेला पुष्कळ करता येण्यासारखे आहे. रंजकहीन मुलाला फळा नीट दिसत नाही, म्हणून त्याला पहिल्या बाकावर, पण खिडकीच्या झगझगाटापासून दूर बसवावे. कवायत सकाळी घ्यावी. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या समारंभात त्याला सावलीत उभे करावे आणि त्याने डोक्यावरची टोपी काढावी असा आग्रह धरू नये. त्याच्या दृष्टीची तपासणी करून घ्यावी, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश असून पात्र ठरल्यास त्याला सवलती मिळू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला सावलीत करता येईल असे शिक्षण आणि असा धंदा सुचवावा. शिवणकाम, दुकान, कचेरी किंवा शिक्षकी यांपैकी काही त्याच्या हाती आले, तर तीस वर्षांचे ऊन त्याच्या कातडीवरून टळते.

ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने वर्षातून एकदा तरी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवावे आणि दर महिन्याला दिवसाच्या उजेडात त्याचा चेहरा, कान, मान आणि हात पाहावेत, बोटाने चाचपावेत. उन्हात राबणाऱ्या वडीलधाऱ्यांचा खालचा ओठही त्याच वेळी पाहून घ्यावा. तीन-चार आठवड्यांत न भरलेली भेग किंवा पुन्हा पुन्हा धरणारी खपली दिसली, की पेरणीचे अथवा सुगीचे निमित्त न सांगता डॉक्टरांकडे जावे. त्या वेळी मलमाच्या एका नळीवर जे काम भागते, त्यासाठी दोन वर्षांनी ओठाचा किंवा कानाचा तुकडा कापून द्यावा लागू शकतो.